कार्ल्याचं चैत्यगृह : मान वर करून पाहा!

एकवीरा आईच्या दर्शनाला आपण कार्ल्याचा डोंगर चढतो. देवळाला अगदी लागूनच भारतातलं सर्वात मोठं बौद्ध शैलचैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह) आहे. साधारण 2000 वर्षांपूर्वीचं, सुमारे 45 मीटर लांब, एका अखंड कातळात कोरलेलं!

आत गेलात की आधी छत पाहा. कमानदार लाकडी फासळ्या दिसतील. खरं तर कातळाच्या छताला आधाराची गरजच नाही, मग त्या कशासाठी? दगडी चैत्यगृहांच्या आधीची चैत्यगृहं लाकडाची असत आणि कारागिरांनी तेच रूप दगडात उतरवलं, म्हणून या फासळ्या. स्तूपावरची छत्रीही लाकडीच. इतक्या पावसाळ्यांनंतर हे प्राचीन लाकूड जागेवर आहे, हे मला आजही अद्भुत वाटतं.

मग खांब. तळाशी घट, वर हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, अष्टकोनी. खांबांवरचे ब्राह्मी लेख नक्की शोधा: धेनुकाकट नावाच्या गावातल्या यवनांनी (म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडच्या परदेशी लोकांनी) दिलेली दानं त्यात नोंदली आहेत. वैजयंती, म्हणजे कर्नाटकातलं बनवासी, तिथल्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने (धनिक व्यापाऱ्याने) तर हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं कोरून ठेवलंय. खरंच आहे ते!

बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचं दान. दर्शनी भिंतीवरची दांपत्यं मूळ काळातली, बुद्धमूर्ती मात्र नंतरच्या, महायान काळातल्या.

पुढच्या वेळी दर्शन झालं की इथे अर्धा तास तरी द्या. आणि कृपा करून खांबांवर नावं कोरू नका.