खिडकीतला लेमन बाम

२० मेच्या जागतिक मधमाशी दिनानिमित्त परागीभवन, फळबागा आणि कीटकनाशके यांविषयी आलेला मजकूर वाचकांच्या नजरेखालून गेलाच असेल. परंतु जिचे मधमाशीशी असलेले सख्य युरोपात दोन सहस्र वर्षांपासून नमूद आहे आणि जी मुंबई-पुण्याच्या सदनिकेत खिडकीच्या कठड्यावरही नांदू शकते, त्या लेमन बाम नामक वनस्पतीचा उल्लेख त्यात मला कोठे आढळला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

उडून चाललेले मोहोळ इच्छित जागी उतरवायचे असेल तर तेथे या वनस्पतीची पाने चुरडून टाकावीत, अशी तजवीज रोमन कवी व्हर्जिलने आपल्या कृषिकाव्याच्या चौथ्या खंडात सांगितली आहे. ही निव्वळ कविकल्पना नव्हे. १८८३ साली नासोनोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने कामकरी माशीच्या उदराच्या टोकाशी असलेल्या एका ग्रंथीचे वर्णन केले आणि पुढे रसायनज्ञांनी तिच्या स्रावाचे पृथक्करण केले, तेव्हा सोबतिणींना घराची वाट दाखवणाऱ्या त्या गंधात जिरॅनिऑलसमवेत सिट्रल आढळले. आणि लेमन बामच्या पानाला लिंबाचा दरवळ येतो तोही मुख्यतः सिट्रलमुळेच. व्हर्जिलला रसायन ठाऊक नव्हते, परंतु त्याच्या काळच्या मधुपालकांचे निरीक्षण किती अचूक होते, या विचाराने मला आजही अचंबा वाटतो.

सिट्रल आपल्या गवती चहातही आहे, किंबहुना त्याच्या तेलात ते सुमारे सत्तर टक्के असते. मग हे परके रोप कशाला, असे कोणी विचारील. गवती चहाचे पाते चिवट, त्याला उकळावेच लागते. लेमन बामचे पान कोवळेपणी पुदिन्याप्रमाणे कोशिंबिरीत वा सरबतात कच्चेच पडते. शिवाय त्यातील सुगंधी तेल अत्यल्प, बहुधा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि वाळताना त्यातलेही पुष्कळ उडून जाते. यास्तव पुडीतल्या वाळक्या पाल्यावरून या वनस्पतीची परीक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. हे तेल इतके दुर्मिळ की त्याच्या नावाखाली गवती चहाचे वा सिट्रोनेलाचे तेल मिसळून विकण्याची लबाडी व्यापारात जुनीच आहे. खरा लेमन बाम हवा असेल तर तो हाताच्या अंतरावर, ताजाच हवा.

पान पुदिन्याहून फिकट, कडेला बोथट दाते, पृष्ठभागावर शिरांचे सुरकुतलेले जाळे आणि बारीक लव. बोटांत चोळताच आधी लिंबाच्या सालीचा आणि मागाहून किंचित गवताचा वास येतो. बी फार बारीक आणि उजेडात रुजणारे, म्हणून ते मातीखाली गाडू नये. त्यापेक्षा चार बोटे लांबीची कोवळी फांदी खालची पाने काढून पाण्यात ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. आपल्याकडे वैशाखातील दुपारचे ऊन पाने करपवते आणि पावसाळ्यात साचलेले पाणी मुळे कुजवते, तेव्हा लागवड दसऱ्यानंतर, पूर्वेच्या खिडकीत, तळाशी भोक असलेल्या वीतभर खोल कुंडीत करावी. शेंडे वरचेवर खुडावेत. फुलोरा आला की पानाची चव उतरते. तरीही एखादी फांदी फुलू द्यावी, असा माझा आग्रह आहे, कारण त्या चिमुकल्या पांढऱ्या फुलांत मकरंद भरपूर असतो.

युनानी वैद्यकात बादरंजबोया या नावाने ही वनस्पती हृदयास उल्हास देणारी मानली जाते आणि युरोपीय औषध संस्थेनेही सौम्य मानसिक ताण, निद्रा व पोटातील वायू यांसाठी तिच्या पारंपरिक वापरास मान्यता दिली आहे. मात्र या मान्यतेचा आधार दीर्घकालीन वहिवाट हा आहे, निर्णायक प्रयोग हा नव्हे. निद्रानाशावरील रामबाण म्हणून कोणी हिची जाहिरात करील तर त्यावर विश्वास ठेवू नये, आणि झोपेची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून तिचा काढा नित्य घेऊ नये. इतरांनी आठ-दहा ताजी पाने हाताने फाडून पेल्यात घालावीत, वर गरम पाणी ओतावे आणि लगेच झाकण ठेवावे, कारण सुगंध वाफेबरोबर निघून जातो. पाच-सात मिनिटांनी गाळून घ्यावे. दूध मात्र घालू नये.