मोठं हाड म्हणजे नर?

आमच्याकडच्या तुळिंजच्या टेकडीचा काळा कातळ लाव्हा थिजून झालेला. त्यात डायनासोरची हाडं मिळायची नाहीत. ती आपल्या राज्यात मिळाली चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडच्या पिसदुरा आणि डोंगरगावच्या गाळाच्या ‘लमेटा’ खडकांत. संग्रहालयात डायनासोरचा सांगाडा दिसला की मुलं विचारतात, हा नर की मादी? मोठी माणसं बेधडक सांगतात, एवढा मोठा म्हणजे नरच.

तसं मुळीच नाही. शिकऱ्याची मादी नराहून मोठी असते, आणि पक्षी डायनासोरांचेच वंशज. शिवाय लहान हाड वयाने लहान प्राण्याचंही असू शकतं. नावावरून तर काहीच ठरत नाही. शिकागोच्या टी. रेक्सला ‘सू’ म्हणतात ते शोधकर्त्या सू हेंड्रिक्सन यांच्यावरून. त्या प्राण्याचं लिंग अजून ठरलेलं नाही.

खात्रीची खूण म्हणजे पोटातली अंडी. चीनमधल्या एका ओविराप्टोरिड डायनासोरच्या कंबरेच्या हाडांत कवचासह दोन अंडी असल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं; ती निःसंशय मादी. त्याच वर्षी जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांनी एका टी. रेक्सच्या मांडीच्या हाडात मज्जास्थीचा थर दाखवला. अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम पक्ष्यांच्या माद्या याच थरात साठवतात. मात्र हा थर विणीपुरताच टिकतो, त्यामुळे तो दिसला नाही म्हणून प्राणी नर ठरत नाही.

‘नर-मादीत फरक सापडला नाही, म्हणजे नव्हताच’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. जीवाश्मशास्त्रज्ञ जॉर्डन मॅलन यांनी २०१७ मध्ये डायनासोरांच्या नऊ प्रजातींची मोजमापं पुन्हा तपासली. नर-मादी भेदाचा भक्कम पुरावा कुठेच मिळाला नाही. पण २०२० मध्ये डेव्हिड होन आणि सहकाऱ्यांनी सुसरीचे १०६ नमुने मोजले. सुसरीचा नर मादीहून बराच मोठा, नाकाच्या टोकावर गोळा असलेला. जिवंतपणी तो सहज ओळखू येतो. तरीही आकार आणि नाकपुडीजवळचा खळगा सोडला, तर कवटीवरून भेद सांगणं अवघड गेलं. जिथे उत्तर आधीच ठाऊक आहे, तिथे शंभराहून अधिक नमुन्यांनंतर ही गत.

आपल्याकडे तर नमुनेच तुटपुंजे. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये वर्णन केलेला डोंगरगावचा डायनासोर, आजचा ‘इसिसॉरस’, हा एकाच प्राण्याचा कवटीविना सांगाडा. पिसदुऱ्याची हाडं बहुतेक सुटी, विखुरलेली. त्यांतलं एखादं कुणी हौसेने घरी नेलं, तर ते कोणत्या थरातलं, कोणत्या हाडांशेजारचं, हे पुढे कुणालाच कळत नाही.