ग्राफिक डिझाइनचे शिक्षण आणि देवनागरी अक्षर

ग्राफिक डिझाइन, म्हणजे अक्षर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांच्या मांडणीतून एखादा आशय पाहणाऱ्यापर्यंत पोचवण्याची विद्या, महाराष्ट्रात आधी ‘कमर्शिअल आर्ट’ आणि पुढे ‘उपयोजित कला’ या नावांनी शिकवली गेली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ सालची. तेथे १९३५ मध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग सुरू झाला आणि त्यातूनच आजची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. मुंबईत गिरण्या, औषध कंपन्या, चित्रपट आणि वृत्तपत्रे यांना जाहिराती रंगवणारे व अक्षरे रेखणारे हात हवे होते, आणि ही गरज भागवणे हाच या विभागाचा हेतू होता. मराठी नियतकालिकांनाही असेच हात हवे होते. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तिला डोळ्यांचे सुख दिले ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या चित्रकारांनी. त्यामुळे हा विषय दिवाळी अंकाच्या वाचकाला वाटतो तितका परका नाही.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पहिली कला महाविद्यालयाची. बारावीनंतर चार वर्षांची ललित कला पदवी उपयोजित कला या शाखेत घेता येते, आणि त्यासाठीच्या राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत समोर मांडलेल्या वस्तूंचे रेखाटन, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान यांची कसोटी लागते. शाळेत एलिमेंटरी व इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा मनापासून दिलेल्या मुलांना ही कसोटी जड जात नाही. दुसरी वाट डिझाइन संस्थांची. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तर पवईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्र, म्हणजेच आयडीसी, १९६९ मध्ये. आयआयटीतील पदवी अभ्यासक्रमासाठीची ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, आणि तिच्यात रेखाटनाबरोबरच निरीक्षण, तर्क व अवकाशाची जाण तपासली जाते. स्थूलमानाने पाहता पहिली वाट हातापासून सुरू होते आणि दुसरी प्रश्नापासून, म्हणजे हा मजकूर कोण, कोठे आणि कशासाठी वाचणार या विचारापासून; कालांतराने दोन्हींना एकमेकींच्या प्रदेशात जावेच लागते.

यांखेरीज गावोगावी चालणारे काही महिन्यांचे वर्ग आहेत. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि कोरल ड्रॉ ही सॉफ्टवेअर शिकवून ‘ग्राफिक डिझायनर’ असे प्रमाणपत्र देणाऱ्या या वर्गांची हेटाळणी करण्याचे कारण नाही, कारण तालुक्याच्या ठिकाणी लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि निवडणुकीची पत्रके करणाऱ्या अनेकांची रोजीरोटी त्यांच्यावरच सुरू झालेली आहे. तथापि आज्ञावली कशी चालवावी एवढेच तेथे बहुधा शिकवले जाते. मांडणी कशामुळे फसते याची चर्चा क्वचितच होते, आणि आज्ञावलीच्या आवृत्त्या बदलत गेल्या की असे शिक्षण फार लवकर जुने होते.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत खरी उणीव आणखी वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तिच्यातून मोठ्या संस्थाही पूर्णपणे सुटलेल्या नाहीत. अक्षररचनेचे, म्हणजे टायपोग्राफीचे, पाठ प्रामुख्याने रोमन लिपीच्या आधारे दिले जातात आणि विद्यार्थी तेच नियम देवनागरीला लावून मोकळा होतो. ‘मूर्तींचे’ हा एकच शब्द पाहावा. त्यात शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि मात्रा यांची गर्दी आहे, तर खाली दीर्घ उकार लोंबतो आहे. हा शब्द ज्या ओळीत येतो तिच्या वरच्या ओळीत नेमक्या त्याच जागी ‘कृ’ किंवा ‘द्धू’ यांसारखे अक्षर आले, तर रोमन मजकुराला पुरेसे असणारे ओळींमधील अंतर येथे अपुरे पडते आणि वरचा उकार खालच्या रफारात अडकतो. तेव्हा देवनागरीला ओळींमध्ये अधिक मोकळीक द्यावी लागते. रोमन मथळ्यात शोभणारी सुट्या अक्षरांची विरळ मांडणी तर येथे शिरोरेषेचेच तुकडे करते.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात हा प्रश्न जुळाऱ्याच्या बोटांखाली रोज येत असे. ‘अखंड’ पद्धतीत मात्रेसह संपूर्ण अक्षर एकाच खिळ्यावर असे, तर ‘डिग्री’ पद्धतीत मुख्य अक्षर आणि वरखालची चिन्हे वेगवेगळ्या थरांत जुळवली जात. त्यामुळे इंग्रजीसाठी लागणाऱ्या खिळ्यांच्या कितीतरी पट अधिक खिळे मराठी छापखान्याला बाळगावे लागत. पुढे जाहिरात आणि अध्यापन ही दोन्ही क्षेत्रे गाजवलेले र. कृ. जोशी यांनी हस्तलेखनाची शिस्त संगणकापर्यंत नेली. विंडोजमधील ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींमध्ये नुसत्या अक्षरांच्या वळणातून नाटकाची प्रकृती उभी केली, आणि आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला ‘बालू’ हा टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतो. ही परंपरा अभ्यासक्रमात एखाद्या व्याख्यानापुरती येते, हे काही बरे लक्षण म्हणता येणार नाही.

संगणकावरील मराठीची आणखी एक अडचण विद्यार्थ्याला पहिल्याच नोकरीत भेटते. जुन्या टंकांमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली असत, त्यामुळे टंक बदलला की मजकुराची भेळ होई. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाल्याने ही अडचण मुळातून सुटते. तरीही अनेक मुद्रणालयांत जुने टंक टिकून आहेत आणि एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना जोडाक्षरे निसटतात. ‘आचार्यांचा’ आणि ‘आचाऱ्यांचा’ यांतील फरक रफार आणि अर्ध्या ‘र’च्या चिन्हावर अवलंबून असल्याने, रूपांतरात ते चिन्ह बिघडले तर गुरुजींच्या सत्काराची पत्रिका स्वयंपाक्याच्या नावे जाऊ शकते. मुद्रितशोधन, अर्थात छपाईपूर्वीची चूकदुरुस्ती, हे दुसऱ्याचे काम आहे असे मानणारा डिझायनर मराठीत फार काळ तग धरत नाही.

मुद्रणतंत्राबद्दल थोडक्यात एवढे सांगता येईल की पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि कागदावरचे निळा, किरमिजी, पिवळा व काळा या चार शाईंचे, त्यामुळे पडद्यावरचा लखलखीत हिरवा छापल्यावर मलूल दिसतो. कापणीसाठी कडेबाहेर सोडायचे चित्र, कागदाचे वजन, शाई शोषण्याची त्याची क्षमता या गोष्टी छापखान्यात उभे राहून आठवडाभरात जेवढ्या कळतात तेवढ्या वर्गात कळत नाहीत.

कामाचा तुटवडा मात्र नाही. जाहिरात संस्था, प्रकाशने आणि वेष्टनांचे उद्योग यांच्या जोडीला मोबाइलवरील उपयोजनांचे पडदे आखण्याचे मोठे क्षेत्र खुले झाले आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि पाटीवरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत असे ठरले. त्यानंतर लागलेल्या पाट्यांपैकी पुष्कळशा पाहिल्या तर कायदा पाळला गेला, अक्षर मात्र पोरके राहिले, असेच म्हणावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने आता क्षणात चित्र तयार करतात, पण त्या चित्रात देवनागरी मजकूर उमटवताना ती अनेकदा जोडाक्षरांत ठेचकाळतात, आणि ती चूक ओळखण्यासाठी माणसालाच लिपी यावी लागते.

नोकरी देणारा प्रमाणपत्राआधी पाहतो तो पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संग्रह. त्यात दहा चकचकीत बोधचिन्हांपेक्षा एखाद्या कामाची कच्ची रेखाटने, टाकून दिलेले पर्याय आणि त्यांमागील कारणे अधिक बोलकी ठरतात. म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी संस्थेतील संगणकांची संख्या विचारण्याऐवजी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे काम पाहण्यास मागावे, आणि त्यात देवनागरीत केलेले, छापून हातात धरता येईल असे काम किती आहे ते आवर्जून तपासावे.