उभ्या व्हॅनची थरथर : कारण शोधण्याची रीत

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि ॲक्सिलरेटरवर पाय नाही, अशा वेळी इंजिन ज्या मंद गतीने स्वतःपुरते फिरत राहते त्या अवस्थेला गॅरेजमध्ये आयडलिंग म्हणतात; जुन्या इंजिनातील बहुतेक दोष सर्वप्रथम याच अवस्थेत उघडे पडतात. वेग वाढल्यावर फ्लायव्हील या जड चाकाचा फिरता जोर लहानसहान उणिवा झाकून टाकतो, परंतु मंद गतीत एक स्फोट जरी दुबळा पडला तरी पुढच्या स्फोटापर्यंत इंजिनाची गती ढळते आणि तो हिसका आसनापर्यंत पोहोचतो. मात्र थरथर जाणवली की आधी प्लग, मग कार्बोरेटर, मग माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते रबरी आधार) असे सुटे भाग बदलत जाण्याची जी सवय सर्वत्र दिसते, तिच्यात खर्च पुष्कळ होतो आणि कारण अनेकदा जागच्या जागीच राहते. थरथर इंजिनातच जास्त निर्माण होते आहे, की नेहमीचीच थरथर सांगाड्यापर्यंत जास्त पोहोचते आहे, हा प्रश्न प्रथम सोडवणे आवश्यक असते.

या दृष्टीने मारुती ओम्नी हे उदाहरण उपयुक्त आहे. १९८४ साली मारुती व्हॅन या नावाने बाजारात आलेल्या, १९८८ पासून ओम्नी म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि २०१९ साली उत्पादन थांबलेल्या या गाडीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसनांच्या थेट खाली बसवलेले असते, त्यामुळे त्याचा प्रत्येक हादरा चालकाला आधी कळतो. तीन सिलिंडरच्या रचनेत पिस्टन एकमेकांपासून १२० अंशांच्या अंतराने चालतात. त्यांचे वर-खाली जाण्याचे मुख्य जोर परस्परांना निष्प्रभ करतात, पण टोकांच्या दोन सिलिंडरांचे जोर एकाच वेळी एकाच दिशेने लागत नसल्याने इंजिन तागडीप्रमाणे पुढे-मागे झुकू पाहते. ही झुकणारी हालचाल रोखणारा वेगळा दांडा या इंजिनात नाही, म्हणून निरोगी ओम्नीतही थोडी थरथर राहणारच. शोधायची असते ती त्यापलीकडची.

ती ओळखण्यास साधे गणित उपयोगी पडते. आयडलिंगला इंजिन मिनिटाला सुमारे ९०० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला १५ फेऱ्या होतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होत असल्याने तीन सिलिंडर मिळून सेकंदाला साधारण साडेबावीस स्फोट होतात, आणि ते हाताला एकसंध कंपासारखे जाणवतात. एक सिलिंडर काम करेनासा झाला, तर गाडी ‘मिसिंग’ करते, म्हणजे दर दोन फेऱ्यांमागे एक रिकामी जागा पडते आणि सेकंदाला सात-आठ वेगवेगळे हिसके जाणवू लागतात. एकसारखा बारीक कंप असेल तर संशय प्रथम माउंटिंगकडे किंवा कमी फेऱ्यांकडे जावा, आणि तालाने बसणारे हिसके असतील तर एखाद्या सिलिंडरकडे. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरूनही फरक दिसतो : निरोगी इंजिनाचा धूर पट्टीला सतत बाहेर ढकलतो, तर मिसिंग करणाऱ्या इंजिनात ती मध्येच अडखळते; ती वारंवार आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बंद होत नसल्याची शंका घ्यावी.

कोणता सिलिंडर दुबळा आहे हे शोधण्यासाठी मेकॅनिक एकेका सिलिंडरचे काम थोड्या वेळापुरते थांबवून पाहतात. कार्बोरेटरच्या गाडीत इन्सुलेटेड पकडीने प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूला टेकवले जाते, कारण मोकळ्या वायरीतले उच्च व्होल्टेज कॉइलला अपाय करू शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या, गाडीत मात्र न जळलेले पेट्रोल त्यात जाऊ नये म्हणून इंजेक्टरचा जोड काढणे अधिक योग्य ठरते. वायर काढल्यावर फेऱ्या ठळकपणे कमी झाल्या, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरचा. त्यानंतर तिथला प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवावा : दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब, जागच्या जागी राहिला तर वायर, डिस्ट्रिब्युटरची टोपी किंवा सिलिंडर यांकडे वळावे. प्लगचे टोक कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त येते, तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येते, आणि फिकट पांढरे असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे, असे सर्वसाधारण अनुमान काढता येते.

तिन्ही सिलिंडर सारखेच दुबळे वाटत असतील, तर संशय मिश्रणाकडे जातो. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि इंजिनात जाणारी हवा मुळातच थोडी असते, म्हणून कार्बोरेटरच्या पॅकिंगमधून किंवा तडकलेल्या व्हॅक्यूम नळीतून शिरणारी किंचित हवाही मिश्रण बिघडवते. फेऱ्या वाढवल्यावर हाच एअर लीक एकूण हवेच्या तुलनेत नगण्य ठरतो आणि गाडी सुरळीत होते. याउलट ठिणगी दुबळी असेल तर दोष घाट चढताना वाढतो, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. यातून एक ढोबळ भेद हाती येतो : फक्त उभी असताना थरथरणाऱ्या गाडीत एअर लीक, तुंबलेले आयडल जेट किंवा व्हॉल्व्ह तपासावेत, आणि लोड पडल्यावर अडखळणाऱ्या गाडीत प्लग, वायर आणि कॉइल.

इंजिन हवा किती जोराने ओढते हे दाखवणारा व्हॅक्यूम गेज या टप्प्यावर बरेच काही सांगतो. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. उंची वाढली की दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच वजा होतो, म्हणून महाबळेश्वरसारख्या सुमारे साडेचार हजार फूट उंचीच्या ठिकाणी तो चार-साडेचार इंचांनी कमी दिसणे स्वाभाविक आहे. स्थिर पण खाली असलेला काटा एअर लीक किंवा चुकलेले टायमिंग सुचवतो, तर ठरावीक अंतराने खाली झुकणारा काटा एखाद्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो.

यापुढचा निर्णायक पुरावा म्हणजे कॉम्प्रेशन, अर्थात सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची क्षमता. तिन्ही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळपास असावेत. एकाचा आकडा बराच कमी असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात : ऑइलने दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह गळत आहे, आणि शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट संशयास्पद ठरते. एलपीजी किंवा सीएनजीवर दीर्घकाळ चाललेल्या गाड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजून व्हॉल्व्ह आत सरकतो, टॅपेटमधली, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली, फट कमी होत जाते आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही; थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर मिसिंग, अशी तक्रार या गाड्यांत आढळली तर टॅपेट सेटिंग आधी तपासणे शहाणपणाचे असते. गॅसवर थरथर आणि पेट्रोलवर नाही, असे झाले तर दोष गॅस किटमध्ये किंवा ठिणगीत शोधावा, कारण गॅसचे मिश्रण पेटवण्यास ठिणगी अधिक जोरकस लागते.

हे सर्व ठीक निघाले तर उरते रबरी माउंटिंग. इंजिन रबरावर बसवण्याचा हेतू असा, की त्या रबरावर झुलणाऱ्या इंजिनाची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या स्फोटांच्या कंपनसंख्येपेक्षा बरीच खाली राहावी, कारण हादऱ्यांची कंपनसंख्या नैसर्गिक संख्येच्या सुमारे १.४ पट झाल्यानंतरच रबर ते रोखू लागते. वर्षानुवर्षे उष्णता आणि ऑइल यांनी रबर कडक झाले की नैसर्गिक संख्या वर सरकते आणि आयडलिंगच्या जवळ येते. तेव्हा निर्दोष इंजिनाचा कंपही सांगाड्यात भिनतो. फेऱ्या शंभर-दीडशेने वाढवताच थरथर नाहीशी होत असेल आणि सिलिंडरांच्या चाचणीत तिघेही समान निघाले असतील, तर माउंटिंगचे रबर तडकले, दबले किंवा लोखंड लोखंडाला लागले का ते पाहावे. सायलेन्सरचा पाइप चॅसिसला घासत असेल, तर रबर चांगले असूनही कंप त्या वाटेने आत येतो, हेही तपासणीत धरावे.

म्हणून क्रम असा असावा : आधी आयडलिंगच्या फेऱ्या नेमून दिलेल्या मर्यादेत, बहुधा ८०० ते १००० च्या दरम्यान आहेत का ते पाहणे, मग सिलिंडरांचा समतोल, मग ठिणगी, हवा आणि कॉम्प्रेशन, आणि त्यानंतर माउंटिंग. पहिल्या काही पायऱ्यांना सुटा भाग लागत नाही, आणि प्रत्येक उत्तराने पुढच्या शक्यता कमी होत जातात. कार्बोरेटर साफ करायला देण्याआधी किंवा माउंटिंगचा संच विकत घेण्याआधी तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर मागून घेतल्यास मालकालाही तो खर्च योग्य आहे का ते ठरवता येते.