ढेकणाची चाहूल

डास येतो तो गुणगुणत येतो. माशी तर सर्वांच्या डोळ्यांदेखत वावरते. ढेकणाची रीत मात्र निराळी आहे. त्याला पंख नाहीत, आवाज नाही आणि उजेडात बाहेर पडण्याची हौसही नाही. त्याने घरात बिऱ्हाड थाटले, तरी कित्येक आठवडे घरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही. आणि लागतो, तेव्हा त्याचा परिवार फार वाढलेला असतो. म्हणून ढेकूण दृष्टीस पडण्याची वाट न पाहता, तो मागे ठेवीत असलेल्या खुणा ओळखणे हेच शहाणपणाचे होय.

पूर्ण वाढलेला ढेकूण अख्ख्या मसुराच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर लांब असतो. त्याचा रंग तांबूस तपकिरी असून त्याला सहा पाय असतात. शरीर इतके चपटे असते की, जाड पुठ्ठ्याची कड जेथे शिरेल तेथे तोही शिरतो. रात्री माणूस झोपला म्हणजे त्याच्या श्वासाच्या व अंगाच्या उबेच्या अनुरोधाने ढेकूण बाहेर येतो, सुईसारखी सोंड त्वचेत खुपसतो आणि पाच-दहा मिनिटांत पोटभर रक्त पिऊन टम्म फुगतो. मग तो पुन्हा आपल्या फटीत जाऊन दडतो.

ढेकणाची मादी दररोज थोडी थोडी अंडी घालते. ती पांढुरकी, सुमारे १ मिलिमीटर लांबीची असून फटीत घट्ट चिकटलेली असतात. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्यांतून पिले बाहेर पडतात. पिलू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्यापूर्वी त्यास रक्त प्यावे लागते. अशा रीतीने दीड महिन्याच्या सुमारास ते मोठे होते व पुढे स्वतः अंडी घालू लागते. आज दोन-चार असलेले ढेकूण थोड्याच महिन्यांत शेकड्यांनी का वाढतात, हे यावरून ध्यानात येईल.

आता त्याच्या खुणा पाहू. पहिली व सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे काळे ठिपके. शाईच्या टाकाचे टोक कापडावर टेकवावे, तसे ते दिसतात. ही ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्तच असते. ओल्या फडक्याने पुसल्यास हे ठिपके तांबूस होऊन पसरतात. दुसरी खूण म्हणजे चादरीवर किंवा उशीच्या अभ्र्यावर उमटलेले रक्ताचे लहान डाग. झोपेत कूस बदलताना रक्त प्यालेला ढेकूण चिरडला गेला की असा डाग पडतो. तिसरी खूण टाकलेल्या कातीची. कात हलकी, पिवळसर व पारदर्शक असून तिचा आकार हुबेहूब ढेकणासारखा असतो. ढेकणांना एक उग्र दर्पही येतो. परंतु तो जाणवू लागतो तो त्यांची संख्या बरीच वाढल्यावर. म्हणून वासावर विसंबणे म्हणजे उशीर करणे होय.

ढेकूण बहुधा माणसाच्या निजण्याच्या जागेपासून फार दूर राहत नाही. म्हणून गादीची शिवण, उशीचे कोपरे, खाटेचे सांधे आणि नवारीची वीण ही ठिकाणे हातात विजेरी घेऊन प्रथम तपासावीत. त्यानंतर भिंतीच्या भेगा, तसबिरींच्या मागील बाजू व वेताच्या खुर्च्या पाहाव्यात.

अंगावरील गांधी हा मात्र फसवा साक्षीदार आहे. एकाच अंथरुणात निजणाऱ्या दोघा भावांपैकी एकाच्या अंगावर खाजऱ्या गांधी उठतात, तर दुसऱ्यास काहीच होत नाही. शिवाय या गांधी डासांच्या गांधींसारख्याच दिसतात. म्हणून गांधी उठल्या की शोध घ्यावा. पण खात्री पटवावी ती वरील खुणांवरूनच. ढेकणांमुळे रोगाचा प्रसार होतो असे आढळलेले नाही. तथापि झोपमोड होते आणि खाजवून झालेल्या जखमा चिघळतात.

ढेकूण अस्वच्छ घरातच होतात, हा समज चुकीचा आहे. प्रवासातील वळकटी, पाहुण्यांची पेटी, जुन्या बाजारातून आणलेला पलंग यांतून तो कोणाच्याही घरी येऊ शकतो. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. उलट लाजेपोटी गोष्ट लपविली तर ढेकणांचेच फावते. कारण चाळीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यास त्यांना भिंतीची एक भेगही पुरते. शेजाऱ्यांना वेळीच सांगितले, तर सर्वांना मिळून उपाय करता येतो.

केवळ विषाने हा शत्रू हटत नाही, हे इतिहासाने दाखविले आहे. डीडीटी हे द्रव्य कीटकनाशक असल्याचे पॉल म्युलर यांनी १९३९ साली शोधून काढले आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डीडीटीमुळे ढेकूण नाहीसेच होणार, असे अनेकांना वाटले. परंतु १९४७ सालीच हवाई बेटांवर त्या विषाला दाद न देणारे ढेकूण आढळले होते!

उष्णतेपुढे मात्र ढेकणाचे काही चालत नाही. सुमारे ५० अंश सेल्सियस उष्णतेत तो व त्याची अंडी मरतात. खाट अंगणात काढून तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याची जुनी रीत म्हणूनच गुणकारी आहे. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. चादरी व अभ्रे कढत पाण्यात धुवावेत, फटी बुजवाव्यात आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी. कारण एखादे अंडे राहून गेलेले असू शकते. धान्याच्या कोठारात वापरावयाच्या विषारी गोळ्या घरात कधीही ठेवू नयेत. त्यांच्या वायूने माणसे दगावली आहेत.

ढेकणाचे सारे बळ त्याच्या लपण्यात आहे. ज्या घरात आठवड्यातून एकदा अंथरूण झटकून गादीची शिवण निरखून पाहिली जाते, त्या घरात त्याचे हे बळ पहिल्या काळ्या ठिपक्यापाशीच संपते.