तिच्या रंगाचे फाउंडेशन

एका तालुक्याच्या गावातील शिक्षिकाबाईंचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या नववीच्या वर्गात एक मुलगी आहे. जन्मापासून तिची त्वचा अगदी पांढरट, केस फिकट पिवळसर, भुवया-पापण्याही तशाच. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातल्या नाचात ती होती. रंगभूषेसाठी बोलावलेल्या माणसाने सगळ्या मुलींना एकाच डबीतला रंग फासला. बाकीच्यांना तो चालून गेला. हिचा चेहरा मात्र विटकरी आणि मान पांढरी दिसू लागली. पडद्यामागे कोणीतरी हसले. मुलीने नळावर जाऊन तोंड धुतले आणि ती रंगमंचावर गेलीच नाही.

यंदा तिने बाईंना विचारले, "बाई, माझ्या रंगाचे फाउंडेशन मिळते का? आई म्हणते, दोनशे रुपयांच्या वर जाऊ नको."

बाई लिहितात, मी विज्ञान शिकवते, पण मला उत्तर देता आले नाही.

प्रश्न बाजारहाटाचा वाटतो खरा, पण त्याचे उत्तर प्रकाश आणि रंगद्रव्ये या आपल्या नेहमीच्या धड्यांतच दडलेले आहे. ते शोधायचा प्रयत्न करू या.

त्वचेला रंग कोठून येतो?

आपल्या त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गंमत अशी, की काळ्या, सावळ्या आणि गोऱ्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो मेलॅनिन किती तयार होते, कोणत्या प्रकारचे होते आणि त्वचेत कसे पसरते यामुळे. मेलॅनिनचे मुख्य प्रकार दोन, एक तपकिरी-काळा आणि दुसरा तांबूस-पिवळा.

मेलॅनिन फार कमी असले, की प्रकाश त्वचेत खोलवर शिरतो आणि बारीक रक्तवाहिन्यांतल्या रक्ताचा रंग घेऊन बाहेर येतो. म्हणून अतिफिकट त्वचा कोऱ्या कागदासारखी पांढरी न दिसता किंचित गुलाबी दिसते. निवड करताना ही गोष्ट उपयोगी पडणार आहे.

पत्रातल्या वर्णनावरून या मुलीला अल्बिनिझम, म्हणजे रंगद्रव्याचा जन्मजात अभाव, असावा असे वाटते. नक्की निदान डॉक्टरांनीच करायचे. मेलॅनिन तयार करण्याच्या साखळीतली एखादी कडी जनुकातील बदलामुळे तुटलेली असते. त्वचा, केस आणि डोळे यांवर परिणाम करणाऱ्या अल्बिनिझममध्ये सहसा आई-वडील दोघेही त्या जनुकाचे वाहक असतात. त्यांचा स्वतःचा रंग इतरांसारखाच असतो आणि त्यांच्या प्रत्येक अपत्यात हा गुण दिसण्याची शक्यता चारात एक असते. मेंडेलच्या वाटाण्यांचेच हे गणित. हा संसर्ग नव्हे, कोड नव्हे आणि कोणाचा दोषही नव्हे.

बाटलीत असते काय?

फाउंडेशन म्हणजे सरळ भाषेत त्वचेला लावायचा रंग. पाणी, तेल किंवा सिलिकोन, त्यांना एकजीव ठेवणारा पदार्थ, थोडे परिरक्षक आणि त्यात घोटलेली रंगद्रव्ये. बहुतेक सगळ्या छटा चार खनिज रंगांतूनच बनतात. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, तर पिवळ्या, लाल आणि काळ्यासाठी लोहाची तीन ऑक्साइडे. गेरू आणि पिवडी यांच्याच जातीचे हे रंग. मात्र सौंदर्यप्रसाधनांत ते कारखान्यात शुद्ध स्वरूपात बनवलेले वापरतात, कारण खाणीतल्या मातीत शिसे, आर्सेनिक असे विषारी धातू मिसळलेले असू शकतात. म्हणून रंगाच्या दुकानातला सफेदा किंवा गेरू मुलांच्या तोंडाला लावू नये.

टायटॅनियम डायऑक्साइडच का, हे समजायला फळ्यावर एक प्रयोग करून पाहा. खडूने जाड रेघ ओढा आणि तिच्यावर ओले बोट फिरवून लगेच पाहा. ओल्या जागी रेघ जवळजवळ दिसेनाशी होते. वाळली, की पुन्हा पांढरी. खडू तर गेलेला नाही! दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत जेवढा फरक जास्त, तेवढा प्रकाश जास्त विखुरतो आणि पदार्थ जास्त पांढरा दिसतो. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, खडूचा साधारण १.५ ते १.६. कणांभोवतीच्या हवेची जागा पाण्याने घेतली, की फरक घटतो आणि पांढरेपणा हरवतो.

चेहऱ्यावर घाम असतो, तेल असते. तिथे खडूसारखी पूड लवकरच मंद होणार. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक मात्र २.५ ते २.७ आहे. तेलात बुडूनही तो पांढराच राहतो. झिंक ऑक्साइडचा सुमारे २ आहे, म्हणजे तोही बऱ्यापैकी टिकतो. ही दोन नावे लक्षात ठेवा.

फिकट छटा साधणे अवघड का?

आता पोस्टर रंग घ्या. एका वाटीत पांढऱ्याचे वीस थेंब आणि तपकिरीचा एक, दुसऱ्या वाटीत तपकिरीचे वीस आणि पांढऱ्याचा एक. ढवळून पाहा. पहिल्या वाटीतला रंग ठळकपणे बदलतो, दुसरीतला बदल शोधावा लागतो.

फिकट त्वचेचे असेच आहे. लोहाच्या ऑक्साइडाचा कणभर जास्तपणाही तिथे उठून दिसतो. सावळ्या चेहऱ्यावर अर्ध्या छटेची चूक खपून जाते, या मुलीच्या चेहऱ्यावर नाही. शिवाय कारखानदार गिऱ्हाईक जिथे जास्त तिथल्या छटा काढतो. आपल्याकडे मधल्या छटांची रेलचेल आणि दोन्ही टोकांना, अगदी काळ्या आणि अगदी फिकट रंगांना, वाण. ही तक्रार जगभर होती. २०१७ साली फेंटी ब्यूटी या कंपनीने एकदम चाळीस छटा बाजारात आणल्या, तेव्हा दोन्ही टोकांच्या स्त्रियांनी त्यांचे स्वागत केले. पण दोनशे रुपयांत ते बसणारे नाही. तेव्हा अकलेने काम घ्यावे लागेल.

गडद फाउंडेशन आणून त्यात पांढरा रंग कालवायचा मार्ग फसवा आहे. वाटीतल्या तपकिरीचा अनुभव आठवा. खूप पांढरे घालावे लागते आणि हाती येतो राखाडी, जाड लेप. त्यापेक्षा मिळेल ती सर्वांत फिकट छटा घ्यावी आणि अगदी पातळ लावावी. थर पातळ असला, की खालची खरी त्वचा दिसत राहते आणि छटेतली चूकही पातळ होते. सबंध चेहरा न माखता जिथे डाग किंवा लाली असेल तिथेच टिपून, कडा बोटाने विरवाव्यात.

दुकानात गेल्यावर

पहिली गोष्ट उजेडाची. ट्यूबलाइट आणि पिवळा दिवा यांच्या प्रकाशात सगळे रंग दिवसाच्या उजेडासारखे समप्रमाणात नसतात. म्हणून दुकानात जुळलेल्या छटा बाहेर येऊन पाहिल्या, तर वेगळ्या निघतात. साडीचा पदर दारात नेऊन पाहणाऱ्या आयाबायांना हे शास्त्र न शिकताच ठाऊक असते! नमुना दारातल्या सावलीत पाहावा. अशा मुलींच्या डोळ्यांना थेट ऊन सोसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट जागेची. मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर नमुना लावू नये, कारण हाताचा रंग चेहऱ्याहून वेगळा असतो. जबड्याच्या कडेला दोन-तीन छटांच्या रेघा ओढाव्यात. चेहरा आणि मान या दोन्हींशी जी मिसळून जाईल ती आपली. पिवळसर आणि गुलाबीसर अशा दोन छटा समोर असतील, तर मेलॅनिन कमी असलेल्या त्वचेला बहुधा किंचित गुलाबी किंवा मधली जुळेल. तरी निर्णय डोळ्यांनीच घ्यावा.

तिसरी गोष्ट वेळेची. वीस मिनिटे थांबावे. पाणी उडून जाते, त्वचेचे तेल कणांभोवती पसरते आणि छटा थोडी गडद दिसू लागते. विक्रेते म्हणतात, फाउंडेशन गंजले. पण त्यातल्या लाल आणि पिवळ्या रंगांतील लोहाचे ऑक्सिडीकरण आधीच पूर्ण झालेले असते. आपण फळ्यावर पाहिला तसा हा ओल्या-कोरड्याचा खेळही असू शकतो.

चौथी गोष्ट लेबलाची. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटक छापलेले हवेत. घटकांत सी.आय. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि ७७४९१, ७७४९२, ७७४९९ म्हणजे लोहाचे लाल, पिवळे, काळे ऑक्साइड. ज्या डबीवर काहीच छापलेले नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. बिनलेबलाच्या क्रीममध्ये पारा सापडल्याची उदाहरणे आहेत आणि पारा मूत्रपिंडे निकामी करतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी अशा उत्पादनांत पारा वापरण्यास मनाई केली आहे, पण नियम लेबलाच्या मागे जातो आणि इथे लेबलच नसते.

पाचवी गोष्ट हिशेबाची. समजा, ३० ग्रॅमची बाटली ४५० रुपयांना आहे आणि ८ ग्रॅमची नळी १६० ला. ग्रॅमला बाटली १५ रुपये पडते, नळी २० रुपये. मग बाटली स्वस्त? मुलगी वर्षातून दहा वेळा, दर वेळी पाव ग्रॅम लावणार, म्हणजे वर्षाला अडीच ग्रॅम. उघडल्यावर असे उत्पादन साधारण वर्षभरच वापरायचे असते. उघड्या डबीच्या चित्रात बहुधा १२ हा आकडा असतो, तो त्याच महिन्यांचा. उरलेले फेकायचेच असेल, तर लहान नळीच स्वस्त.

आणि लावण्याआधी दोन दिवस कानामागे थोडेसे लावून पाहावे. खाज किंवा पुरळ आले, तर ते उत्पादन नको. स्पंज एकीचा दुसरीला देऊ नये. रात्री चेहरा धुऊनच झोपावे.

खरा खर्च उन्हाचा

इथवर आलो, तरी मुख्य गोष्ट राहिलीच. मेलॅनिन ही आपली जन्मजात छत्री आहे. ते अतिनील किरण शोषून घेते. या मुलीजवळ ती छत्री जवळजवळ नाही. तिची त्वचा लवकर भाजते आणि वर्षानुवर्षे ऊन लागत राहिले, तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. म्हणून पैसे थोडे असतील, तर पहिला हक्क सनस्क्रीनचा.

फाउंडेशनवर एस.पी.एफ. छापलेला असतो, त्यावर विसंबू नये. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावून मोजतात. चेहरा ५०० चौरस सेंटिमीटर धरला, तर १ ग्रॅम लागेल. आपण तर पाव ग्रॅम पुरे म्हणालो!

गंमत पुढेच आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनबद्दल सावळ्या गिऱ्हाइकांची तक्रार असते, की चेहरा पांढरट दिसतो. इतरांना दोष वाटणारी ही गोष्ट हिच्या दृष्टीने गुण आहे. तो पांढरटपणा जवळजवळ तिच्याच रंगाचा. असे सनस्क्रीन नीट लावले, की त्वचेचे रक्षणही होते आणि फाउंडेशनचे निम्मेअधिक कामही. हात-पायांसाठी मात्र सर्वांत स्वस्त सनस्क्रीन म्हणजे कापड. लांब बाह्या, ओढणी, रुंद काठाची टोपी, छत्री.

बाईंना आमचे उत्तर

दोनशे रुपयांत आधी असे एखादे लेबल असलेले सनस्क्रीन पाहावे, रोज शाळेला येताना लावण्यासाठी. संमेलनाच्या संध्याकाळी ऊन नसते. तेव्हा औषधाच्या दुकानातले साधे कॅलामाइन लोशन पातळ लावून पाहावे. झिंक ऑक्साइडात लोहाच्या ऑक्साइडाचा अंश असल्याने ते फिकट गुलाबी असते. ते सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही, पण दिव्यांच्या प्रकाशात त्याचा रंग तिच्या रंगाशी जुळण्याची शक्यता चांगली आहे. ते आठवडाभर आधी घरी लावून पाहावे. पुढे पैसे साठले, की सर्वांत फिकट छटेची लहान नळी.

रंगभूषाकाराला आधीच सांगून ठेवावे, की हिला वेगळा रंग लागेल, आणि तो तिच्या त्वचेशी जुळणारा हवा. भुवया-पापण्या रंगवायच्या का, हे तिलाच विचारावे.

आणि एक विनंती शाळेला. शनिवारची कवायत उन्हात असते. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली, की ऊन तीव्र झाले असे समजावे. त्या वेळी तिला झाडाखाली किंवा व्हरांड्यात उभे राहू द्यावे, टोपी काढायला लावू नये. अशा मुलांची नजरही अनेकदा अधू असते आणि चष्म्याने ती पूर्ण सुधारत नाही. तिला पुढच्या बाकावर, पण खिडकीच्या झगझगाटापासून दूर बसवावे. फळ्यावरची अक्षरे मोठी काढावीत.

यासाठी दोनशे रुपयेसुद्धा लागत नाहीत.