रमच्या पिंपातली राय व्हिस्की: फिनिश म्हणजे नक्की काय?

ज्यांचा आजचा भाग ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. थोडा आवरून लिहिलाय, बोलणं मात्र तेच. आणि आधीच सांगून टाकतो, महाराष्ट्रात व्हिस्की, रम वगैरेसाठी कायद्याने वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. बाकीच्यांनी नुसतं वाचा, कारण यातली निम्मी गोष्ट लाकडाची आहे.

आजची बाटली आहे एंजल्स एन्व्ही राय. अमेरिकेच्या केंटकी राज्यातलं लुईव्हिल हे तिचं गाव. लिंकन हेंडरसन नावाचे बुजुर्ग डिस्टिलर ब्राउन-फॉर्मन कंपनीतून निवृत्त झाले आणि मग मुलाबरोबर हा ब्रँड उभा केला. पिंपातली दारू दरवर्षी थोडी उडून जाते, तिला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. मागे जे उरतं त्याचा देवदूतांनाही हेवा वाटावा, म्हणून हे नाव.

आता राय म्हणजे काय? फोडणीतली राई नाही हं! राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य आहे, थंड प्रदेशातलं. अमेरिकेत बाटलीवर 'राय व्हिस्की' लिहायचं तर धान्यात किमान ५१ टक्के राय लागते आणि दारू मुरवायची ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात. या बाटलीत राय तब्बल ९५ टक्के आहे, उरलेली ५ टक्के माल्ट केलेली बार्ली. एवढी राय असली की चव तिखट, कोरडी आणि थोडी पालेभाजीसारखी हिरवी होते. बरेच जण तिला 'डिल'ची चव म्हणतात. डिल म्हणजे काय, तर आपला शेपू! ज्यांना शेपू आवडत नाही, त्यांनी इथेच कान टवकारा.

ही राय आधी कोऱ्या पिंपात वर्षानुवर्षं मुरते. नंतर तिला बाहेर काढून कॅरिबियन रमच्या रिकाम्या पिंपात भरतात आणि १८ महिन्यांपर्यंत ठेवतात. याला म्हणतात फिनिश. गंमत म्हणजे ही रमची पिंपं मुळात फ्रान्समधल्या कोन्याकची. म्हणजे आधी द्राक्ष, मग ऊस, मग धान्य, एकाच लाकडात तीन मुक्काम.

मला नेहमी विचारतात, "मग यात रम ओतलेलीच असते ना?" ओतत नाहीत. पण ओकचं लाकूड स्पंजसारखं असतं. पिंप रिकामं केलं तरी फळ्यांच्या आत रम मुरलेली राहते. उन्हाळ्यात दारू फुगते आणि लाकडात शिरते, थंडीत आकसते आणि बाहेर येते. येताना ती रमचा अंश घेऊन येते. लोणच्याची बरणी धुतली तरी वास राहतो की नाही, तसंच. आणि हे पिंप कोरं नसल्यामुळे नुसतं 'राय व्हिस्की' लिहून चालत नाही. रमच्या पिंपात फिनिश केल्याचं लेबलवर सांगावं लागतं.

ऊस आणि व्हिस्की हे नातं आपल्याला नवं नाही, बरं का. भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेलं अल्कोहोल असतं. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, कारण तिथे व्हिस्की धान्याचीच लागते. आपल्याकडे ऊस थेट दारूत असतो. या बाटलीत तो फक्त लाकडातून येतो.

आता चव. मी ३० मिली घेतली, साध्या ग्लासात, बर्फाशिवाय. नाकाशी नेली तर आधी काकवी, मग संत्र्याची साल, मागून पाकवलेलं आलं. शेपू कुठेच नाही! पहिला घोट गोड, जवळजवळ मिठाईसारखा. गिळल्यावर मात्र जिभेच्या कडांना सुंठ-मिऱ्याचा चटका बसला. रायची ओळख पटली ती तिथे.

ही दारू ५० टक्के अल्कोहोलची आहे, म्हणजे कडक. मग मी त्यात दीड चमचा, साधारण साडेसात मिली, पाणी घातलं. हिशोब सोपा आहे, ५० ची थेट ४० वर येते. आणि इथे खरा फरक पडला. गोडवा मागे सरला, धान्याचा भाजका वास पुढे आला आणि अगदी शेवटी ती हिरवी छटाही डोकावली.

हे एवढं खोलात का सांगतोय? कारण 'फिनिश' या शब्दाचे जादा पैसे लागतात आणि तो शब्द आता खूप बाटल्यांवर दिसतो. तुमचे पैसे चवीला गेले की गोष्टीला, हे तुम्हाला ओळखता यायला हवं. माझी पद्धत सांगतो. शक्य असेल तर आधी साधी राय चाखा. बुलेट राय चालेल, तिच्यातही रायचं प्रमाण ९५ टक्केच आहे. मग फिनिशवाली घ्या. मग दोन्हींत थोडं पाणी घाला. पाणी घातल्यावर मूळ धान्य सापडलं, तर फिनिशने चवीत भर घातली. नुसता गोडवाच पातळ होत गेला, तर फिनिशने व्हिस्की झाकली.

या कसोटीला ही बाटली उतरते, पण काठावर. जेवणानंतर, गोडाच्या जागी, छोटा पेग म्हणून मला ती फार आवडली. पण रायशी पहिली ओळख करून घ्यायला मी ही बाटली सुचवणार नाही. रमची गोडी इतकी पुढे आहे की रायचा तिखट स्वभाव शोधावा लागतो, आणि जो माहीतच नाही तो शोधणार कसा?

पुढच्या वेळी लेबलवर 'फिनिश' दिसलं की दोन प्रश्न विचारा: आधी कुठल्या पिंपात होती, आणि नंतर किती महिने? उत्तर लेबलवर नसेल तर दुकानदाराला विचारा. आणि हो, चाखून झाल्यावर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. भेटू पुढच्या भागात!